बर्फाच्या कड्यावर घाटंजीची बंडी

परत आल्यापासून जो तो एकच विचारतो, "बाई, हिमालय कसा आहे हो?" कसा म्हणजे? आहे तिथंच आहे! त्याच्याबद्दल सांगायला मला आवडेल, पण ज्यांच्यामुळे मला तिथं जावं लागलं त्यांच्यावरचा राग आधी काढल्याशिवाय माझी गाडी पुढं सरकायची नाही. वाचणाऱ्यानं तेवढं सोसावं.

मी घाटंजीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. नववीच्या पुस्तकात 'उपध्रुवीय प्रदेश' नावाचा धडा आहे. आधी उंच सूचिपर्णी झाडं, मग खुरटी झुडपं, मग दगडाला धरून राहिलेलं शेवाळ, आणि शेवटी बर्फ. हा धडा नेमका मार्चात येतो. बाहेर रस्ता तापलेला, वर्गात पोरी घामानं निथळताहेत, आणि मी सांगते आहे की तिथं झाडं थंडीनं वाढत नाहीत! पोरी माझ्याकडं अशा बघतात, जणू बाईंना ऊन लागलं.

म्हणून मी त्यांना गावाबाहेरच्या काळ्या दगडाच्या टेकाडावर नेत असे. खाली पळस, मध्यावर बोरी-बाभळी, वर नुसतं गवत. उंची वाढली की झाडं बदलतात हे पोरींनी पायांनी शिकावं, एवढाच हेतू. गेल्या वर्षी तिथं जुबेदाचा पाय मुरगळला. जुबेदा म्हणजे आमच्या गल्लीतल्या रहीमचाचा पिंजाऱ्याची नात. पाय सुजला, हळद लावली, आठवड्यानं पोरगी पुन्हा उड्या मारायला लागली. मुलांच्या शाळेत दर पावसाळ्यात कोणाचा तरी हात मोडतो, त्याला मर्दानी खेळ म्हणतात. इथं मात्र शाळेची कमिटी बसली! ज्याच्या नातीचा पाय तो रहीमचाचा एका शब्दानं बोलला नाही, आणि कळ आली ती कमिटीला.

कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, पोरींचं डोंगरावर काय काम? सहली बंद. तुमाले एवढी हौस असंल तं तुमीच एखादा खरा डोंगर चढून दाखवा."

सगळे हसले. माझं डोकं सणकलं.

"चढून आले तर सहली सुरू?"

"पुरा चढून आल्या तं सुरू. अर्धवट नाही चालणार, सांगून ठेवतो."

हे कमिटीदेखत झालं. बोललेला शब्द गिळायला मला वेळ दिला असता तर कदाचित गिळलाही असता, पण ते हसले ना!

कुलूच्या वर बायकांसाठी डोंगर चढण्याचं शिक्षण देतात, असं पेपरात आलं होतं. अर्ज केला, नंबर लागला. मारेगावच्या शाळेत कवायत शिकवणाऱ्या लीलेचाही लागला. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, अंगानं वेताची काठी, आणि जिभेनं माझी सख्खी बहीण.

जायच्या आदल्या संध्याकाळी रहीमचाचा दारात उभा राहिला. हातात एक गठुळं.

"बाई, तुमी आमच्या पोरीपायी चालल्या. थंडीचं माह्यावर सोडा."

गठुळ्यात बंडी होती. लांब बाह्यांची, गळ्यापर्यंत बंद होणारी, आत कापूस भरून चौकटी-चौकटीत टाचलेली. त्यानं सरकी हातानं वेचून काढली होती आणि कापूस तीनदा पिंजला होता. अंगात घातली तर वजनच कळेना. ऐन एप्रिलात मिनिटभर घातली आणि घामाच्या धारा लागल्या. चाचा खूश झाला. "आता येऊ द्या तुमच्या हिमालयाले," म्हणाला.

पठाणकोटच्या पुढं

आगगाडीचं काय सांगायचं? बसून बसून कंबर गेली. पठाणकोटहून पुढं बस, आणि त्या बसमध्ये माझ्या ठेच्याचा डबा उघडला. वळणावर डबा घरंगळत ड्रायव्हरच्या पायापर्यंत गेला आणि सगळी बस शिंकायला लागली. एका सरदारजीनं विचारलं, "बहनजी, ये खाने की चीज़ है?" लीलेनं त्याला भाकरीच्या तुकड्यावर बोटभर दिला. त्यानं खाल्ला, डोळे पुसले आणि आणखी मागितला. माणूस चांगला होता.

मनालीच्या वर तळावर पोचलो. तिथं मुंबई-पुण्याच्या बायका होत्या. त्यांतल्या कुमुदताई नावाच्या एकीनं विचारलं, "तुम्ही यवतमाळच्या? म्हणजे मध्य प्रांतच ना तो? तिथे मराठी बोलतात?"

छप्पन साली आमचा जिल्हा यांच्याबरोबर एका राज्यात आला, साठ साली महाराष्ट्र झाला, आमच्या शाळेतही पेढे वाटले होते, आणि ही विचारते मराठी बोलतात का! मी तोंड उघडायच्या आत लीला म्हणाली, "नाही बाप्पा, आम्ही कोंबड्यावानी आरवतो." त्यानंतर कुमुदताई आमच्याशी जपून बोलायच्या.

दुसऱ्या दिवशी सामानाची तपासणी. तळाचे प्रमुख मेजरसाहेब रांगेनं पिशव्या उघडून बघत होते. माझ्या पिशवीतून त्यांनी बंडी काढली, दोन बोटांत धरून वर उचलली, आणि म्हणाले, "ये क्या, रज़ाई लाई हैं?"

हशा पिकला. मेजरसाहेबांनी बंडी पिशवीवर टाकली. "कॉटन ऊपर नहीं चलेगा."

"क्यों नहीं चलेगा?"

"नियम है."

नियम है! अरे, मी नववीतल्या पोरीलाही कारण दिल्याशिवाय नियम सांगत नाही. पृथ्वी फिरते तर का फिरते, वारा वाहतो तर कायले वाहतो, हे सांगण्यात माझी निम्मी हयात गेली. आणि ज्या कापसावर आमच्या जिल्ह्यातली चूल पेटते, ज्यानं यांच्या मुंबईच्या गिरण्या चालतात, तो 'चलेगा नहीं', कारण नियम! कोठीतून मला एक लोकरी स्वेटर मिळाला. कोपराला भोकं, काखेत कसर लागलेली, आणि आधीच्या माणसाचा वास जसाच्या तसा. घातला तर गुडघ्यापर्यंत आला. रहीमचाचाची बंडी मी पिशवीच्या तळाशी नीट घडी घालून ठेवली आणि मनात म्हटलं, बघतेच मी.

कातळ

आमचा शिकवणारा चुनीराम. वरच्या खेड्यातला, पन्नाशीचा, सुरकुतलेला. तिथले पुरुष चालता चालता हातातल्या टकळीवर लोकर कातत असतात. डोळे वाटेवर, पाय दगडांवर, बोटं सुतावर. आमच्याकडं पुरुष बाजारात मोकळ्या हातानं हिंडतो आणि वर दमलो म्हणतो. मी चुनीरामला विचारलं, "तुम्ही कापूस नाही वापरत?"

"कपास?" तो म्हणाला. "बीबीजी, वो पेड़ पर लगती है या भेड़ पर?"

मी त्याला काळ्या मातीतलं रोप, बोंड, सरकी सगळं समजावलं. त्याला बोंड फुटतं ही गोष्ट फार आवडली. त्याच्या बायकोनं आम्हाला सिड्डू करून घातले, म्हणजे वाफवलेली जाड पोळी, आत वाटलेले अक्रोड, वर तूप. लीलेनं इतके खाल्ले की तिला दगडावर चढवेना.

ते दगडावर चढणं हा एक वेगळाच छळ होता. सरळ उभा कातळ. कमरेला दोर, वर चुनीराम तो दोर धरून बसलेला. चार हातपायांपैकी तीन घट्ट, मग चौथा हलवायचा, एवढाच मंत्र. लीला पालीसारखी वर गेली. मी मध्यावर अडकले. खाली बघितलं, आणि मी दगडाला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"पत्थर को गले मत लगाओ, बीबीजी," वरून आवाज आला. "पीछे हटो, तब रास्ता दिखेगा."

"इथं जीव जाऊन राह्यला अन् हा मले मागं सरक म्हणते!" मी ओरडले. शिकवताना मी शुद्ध बोलते. पण रागानं आणि भीतीनं माझी भाषा घाटंजीला परत जाते. चिडून अंग मागं घेतलं, आणि खरंच नाकासमोर पाय ठेवण्याजोगी खाच होती. वर पोचले तेव्हा नखं तुटली होती, गुडघे सोलले होते, आणि मला एकदम अध्यक्षांची आठवण आली. त्या माणसाला या खाचेत तासभर उभं करावं, असं फार वाटलं.

कडा

शेवटी खरी चढाई. शिखर काही नामांकित नव्हतं, तिथले लोक त्याला नुसतं 'टोक' म्हणत. पण ते पूर्ण केलं तरच शिक्षण पूर्ण, आणि तरच घाटंजीत सहली. तंबूतून निघताना मी स्वेटरच्या आत रहीमचाचाची बंडी घातली. लीलेनं बघितलं.

"बाई, नाही म्हणले ना ते."

"का नाही ते सांगितलं का त्यांनी?"

तीन माणसांचा एक दोर असतो. आमच्या दोरावर पुढं चुनीराम, मध्ये मी, मागं लीला. कुमुदताईंचा दोर आमच्या पुढं निघाला.

आणि मग माझा धडा सुरू झाला! आधी देवदार, इतके उंच की टोपी पडावी. मग ते मागं राहिले आणि भूर्जाची झाडं आली, पांढरी, साल कागदासारखी सुटलेली, बर्फाच्या ओझ्यानं खाली वाकून पुन्हा वर वळलेली. मग तीही संपली आणि गुडघ्याएवढी झुडपं राहिली. त्यांच्यावर पाय पडला की धुपासारखा वास यायचा. मग झुडपंही गेली, आणि दगडांवर पिवळं, नारिंगी, राखाडी शेवाळ. उत्तरेकडं हजारो मैल गेल्यावर जे दिसतं म्हणून मी इतकी वर्षं घसा फोडला, ते एका सकाळीत पायाखालून गेलं. पुस्तकात त्या वासाबद्दल एक अक्षर नाही. कोण लिहितं ही पुस्तकं? मला रडू आलं आणि लिहिणाऱ्याचा रागही आला, दोन्ही एकदमच.

वाट उभी होत गेली. घसरणारे गोटे, मग एक कातळाची भिंत, आणि तिच्यावर टोकापर्यंत गेलेली बर्फाची धार. भिंत मी चढले. न रडता, न अडकता चढले. आत बंडी अशी उबदार की बर्फावर पाय ठेवला तरी मला काही वाटेना. रहीमचाचा जिंकला, मेजर हरला, असं मी मनात घोकत होते.

धारेवर आलो आणि आभाळ भरलं. बर्फ पडायला लागला. अर्धा बर्फ, अर्धं पाणी. वरचं कापडी जाकीट गळ्यापाशी गळायला लागलं, आणि बंडी पाणी प्यायला लागली. आधी खांदे जड झाले. मग पाठ. मग तीनदा पिंजलेला तो हलका कापूस ओल्या चिखलासारखा अंगाला बसला, आणि आजवर कधी वाजली नाही अशी थंडी आतून सुरू झाली. दात वाजत होते, बोटं बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीचा दांडा धरीनात. टोक समोर होतं! कुमुदताई वर बसून काहीतरी चघळत होत्या, त्या हात हलवून आम्हाला बोलावत होत्या, त्यांचं "या, या!" मला ऐकू येत होतं.

चुनीराम मागं वळला. माझ्या तोंडाकडं बघितलं, जवळ आला, मानेपाशी हात घातला. हात बाहेर आला तो ओला. त्यानं बंडीची कड ओढून बघितली.

"नीचे," तो म्हणाला.

"नाही! एवढंच राहिलं आहे. एवढंच!"

"नीचे, बीबीजी."

"तुम जाओ नीचे. मैं जाती हूँ ऊपर." मी गाठ सोडायला गेले. बोटांना गाठ सापडेना.

"रस्सी एक है," चुनीराम म्हणाला. "एक नीचे, तो तीनों नीचे."

मी लीलेकडं बघितलं. तिचे गाल लाल होते, डोळे टोकावर होते. ती धडधाकट होती, तिला काही झालेलं नव्हतं. ती खाली वळली.

भिंतीवरून मला त्यांनी दोराला बांधून खाली सोडलं, जिनिंगच्या कारखान्यात कापसाची गठाण सोडतात तशी. खाली आडोशाला लीलेनं माझे ओले कपडे ओढून काढले आणि चुनीरामनं आपला पट्टू, म्हणजे अंगावरचं लोकरी कांबळं, माझ्याभोवती गुंडाळलं. ते बाहेरून चिंब होतं आणि आतून गरम. ओलं असून गरम!

तेव्हा कळलं. आमच्याकडं थंडी पडते ती पौषात, कोरडी ठणठणीत. पाऊस येतो तो कोमट. थंडी आणि पाणी दोन्ही एकदम अंगावर आलेला माणूस आख्ख्या घाटंजीत एक नाही. मग कोणाला ठाऊक असणार की ओला कापूस ऊब सोडतो आणि ओली लोकर सोडत नाही? आम्हाला ठाऊक नव्हतं. पण मेजरसाहेबांना ठाऊक होतं ना? एक वाक्य, हो, एकच वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी त्यांनी रजई म्हणून चारचौघांत हशा केला. माझी चूक झाली, झालीच, पण त्यांची का नाही?

तळावर पोचल्यावर लीला म्हणाली, "बाई, तुमच्या बंडीपायी माहं टोक गेलं." आणि दिल्लीपर्यंत बोलली नाही. तिच्यापुढं मात्र मला रागावता येईना.

मेजरसाहेबांनी आम्हा दोघींच्या नावापुढं 'चढाई अपूर्ण' लिहिलं. मी भांडले. त्यांना कारण न देण्याबद्दल जे सांगायचं ते सगळं सांगितलं, हिंदीत सुरू करून वऱ्हाडीत संपवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लिहिलेलं तसंच ठेवलं.

घाटंजी

कमिटीत अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न केला, "मंग, टोकावर गेल्या का?"

"नाही. थोडं राहिलं."

"थोडं म्हंजे अर्धवटच झालं नं? सहली बंद." आणि पुन्हा तेच हसणं. देवदार कसा, भूर्ज कसा, भिंत कशी चढले, एकानं विचारलं नाही. मी उठून आले. रस्त्यानं जाताना इतकी पुटपुटत होते की भाजीवाली म्हणाली, "बाई, तब्येत बरी हाये ना?"

रहीमचाचाकडं जायला मात्र पाय उचलेना. बंडी दाखवायची कशी? शेवटी तोच आला.

"कशी निघाली बंडी?"

मी खरं ते सांगितलं. त्यानं ऐकलं, आणि असा भडकला की काय सांगू!

"वल्ली होऊ देली? कापूस वल्ला होऊ देला तुमी?"

"अहो चाचा, वरून पाणी आलं."

"मंग मले बर्फ काहून म्हनलं? पानी म्हनाले पायजे होतं! पानी म्हनलं असतं तं मीच म्हनलो असतो का कापूस नोका नेऊ. पंचेचाळीस वर्सं पिंजून राह्यलो, मले कळत नाही का वल्ला कापूस काय असते ते?"

"मलाच माहीत नव्हतं."

"मास्तरीन हाये नं तुमी!"

त्यानं तिथंच बसून टाके उसवले, आतले गोळे काढून उन्हात पसरले, आणि बराच वेळ त्यांच्याकडं रागानं बघत राहिला. मग विचारलं, "कमिटी काय म्हनते?"

"बंद म्हणते."

"पाय कोनाचा मुरगळला होता?"

"जुबेदाचा."

"जुबेदा कोनाची?"

"तुमची."

"मंग कमिटीले कोन पुसते? ऐतवार काय कमिटीच्या बापाचा हाये? सांगा, किती वाजता निघाचं?"

पोळा होऊन गेला होता. रविवारी टेकाडाखाली चार-पाच पोरी आल्या, आपापल्या घरी विचारून. रहीमचाचा नवा कोरा जाड दोर घेऊन आला, आणि आधी झाडाला टाकून स्वतः लोंबकळून बघितला. यष्टीतून लीला उतरली. मी पत्र टाकलं होतं, पण येईल असं वाटलं नव्हतं.

"पोरीसाठी आली," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

टेकाडाच्या माथ्याखाली काळ्या कातळाची एक भिंत आहे. बाजूच्या पायवाटेनं वर जाऊन मी माथ्यावरच्या मोठ्या दगडाला दोर गुंडाळून बसले, लीला खाली. तीन घट्ट, चौथा हलवायचा. पोरी एकेक करून थोड्या थोड्या चढल्या आणि उतरल्या. शेवटी जुबेदा. सलवार खोचलेली, ओढणी कमरेला करकचून बांधलेली. मध्यावर ती दगडाला बिलगली. मी वरून ओरडले, "मागं सरक, मग खाच दिसते!" तिला दिसली. ती वर येत राहिली. माथा तिच्या हातभर वर राहिला असेल, आणि खालून रहीमचाचाची बोंब आली.

"बाई! पानी! पानी आलं!"

टपोरे थेंब पडायला लागले होते. काळा दगड बघता बघता चकाकायला लागला. जुबेदाचा पाय ओल्यावरून किंचित सरकला, तिनं सावरला.

"उतर," मी म्हटलं.

"बाई, एवढंच राह्यलं!"

"दगड ओला झाला की पाय धरत नाही. ओल्यावर चढायचं नाही. उतर."

"पन एवढंच राह्यलं नं! हात लावला का झालं!"

"जुबेदा, खाली."

मी दोर सोडत गेले आणि ती उतरत गेली, प्रत्येक पायरीला माझ्याकडं असं बघत की मी तिचं काही लुटलं आहे. खाली पोचल्यावर तिनं दोर काढून फेकला. मी उतरून आले तर लीला तोंडाला पदर लावून हसत होती.

"आलं का ध्यानात, चुनीरामले कसं वाटलं असंल?" ती म्हणाली. त्या टोकाखालून मागं फिरल्यापासून ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली.

भिजत भिजत गावात शिरलो. पुढं जुबेदा, तोंड फुगलेलं, डोळ्यांतून पाणी. बाजाराच्या तोंडाशी छत्री धरून अध्यक्ष उभे होते. त्यांनी दोर बघितला, भिजलेल्या पोरी बघितल्या, रडणारी जुबेदा बघितली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, पाह्यलं? मी म्हनत होतो नं? काहून रडते वं पोरी, पाय मोडला का?"

मी उत्तर देणारच होते. तयारच होतं माझं उत्तर. पण जुबेदा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि भर बाजारात ओरडली,

"पाय कायले मोडते? टोक राह्यलं माहं! येत्या ऐतवारी पुन्हा जाऊन राह्यलो आमी!"